पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेतील एक स्थित्यंतर

पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख याने १८८२ मध्ये बर्लिन येथे केली. त्यानंतर शतकभर पोटावरील मोठा छेद अपरिहार्यच मानला जाई. १९८५ मध्ये जर्मनीतील एरिख म्यूहे याने दुर्बिणीच्या साहाय्याने हेच कार्य साधले. आरंभी त्याच्या वाट्यास उपेक्षाच आली. भारतातील अशी पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या सर जे. जे. रुग्णालयात केली. तत्पूर्वी १९७२ पासून ते दुर्बीण निदानार्थ वापरीत होते. केवळ रोग ओळखण्यासाठी पोट उघडण्याचा प्रसंग त्यामुळे टळू लागला. (‘दूरचे पाहणारी’ हा मूळ फारसी अर्थ मागे टाकून मराठीतील ‘दुर्बीण’ येथे आतले पाहू लागली!)

वेदना कमी, जखम चिघळण्याचा संभव कमी, रुग्णालयातील वास्तव्य अल्प, हे लाभ सर्वविदित आहेत. परंतु मोठ्या छेदानंतर कित्येक आठवडे ओझे उचलणे वर्ज्य असते, आणि नशिराबादसारख्या गावातील शेतमजुराच्या घरी त्याचा हिशेब बुडालेल्या रोजात होतो. तथापि नव्या पद्धतीच्या प्रारंभीच्या वर्षांत पित्तनलिकेस इजा होण्याचे प्रमाण वाढले होते, हेही नमूद केले पाहिजे. दाह तीव्र असून आतील रचना स्पष्ट दिसत नसल्यास शल्यविशारद आजही दुर्बीण बाजूस ठेवून मोठा छेद घेतात.