बीड रेल्वेचा धडा : गाडी आली, ती रोज वेळेवर धावावी

जिंतूर : जिंतूर शहर रेल्वेमार्गावर नाही. येथील प्रवाशाला आगगाडीसाठी एसटीने किंवा खासगी वाहनाने परभणी अथवा सेलू गाठावे लागते. त्यामुळे शेजारच्या बीड जिल्ह्यात सुरू झालेल्या नव्या रेल्वेसेवेकडे जिंतूरकरांनीही बारकाईने पाहणे गरजेचे आहे. नव्या मार्गाचे यश उद्घाटनावर नव्हे, तर गाडीची यंत्रसामग्री आणि तिचा नियमितपणा यांवर ठरते.

तीन दशकांची प्रतीक्षा

अहिल्यानगर-बीड-परळी हा सुमारे २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. तेव्हा ३५३ कोटी रुपयांचा असलेला हा प्रकल्प पुढे ४,८०५ कोटींवर गेला. निम्मा भार राज्य शासनाने उचलला आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ते न्यू आष्टी या ६६ किलोमीटरच्या टप्प्यावर प्रवासी गाडी सुरू झाली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडपर्यंत गाडी पोहोचली. त्या वेळी परळीपर्यंतचे नव्वदहून अधिक किलोमीटर अंतर उरले होते.

'डेमू' म्हणजे काय?

या मार्गावर डेमू गाडी सोडण्यात आली. तिला वेगळे इंजिन जोडावे लागत नाही. दोन्ही टोकांच्या डब्यांत चालकाची केबिन असते. शक्तीच्या डब्यातील डिझेल इंजिन जनित्र फिरवते आणि त्यातून मिळणाऱ्या विजेवर चाकांच्या मोटारी चालतात. शेवटच्या स्थानकावर इंजिन फिरवण्याचा वेळ वाचतो, हा तिचा मोठा लाभ. मात्र शक्तीचा डबा गाडीचाच भाग असल्याने त्यात बिघाड झाल्यास बहुधा संपूर्ण गाडीच दुरुस्तीसाठी काढावी लागते. शिवाय सर्वच डेमू गाड्यांत शौचालय नसते. लांबच्या प्रवासात ही उणीव वृद्धांना व महिलांना विशेष जाणवते.

आगीचा इशारा

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी आष्टीहून अहमदनगरला येणाऱ्या आठ डब्यांच्या डेमूला दुपारी आग लागली. गार्डच्या बाजूचा डबा व त्यालगतचे चार डबे पेटले. प्रवासी वेळीच उतरल्याने जीवितहानी झाली नाही. मार्ग नवा असला, तरी गाडीची देखभाल, अग्निशमन साधने आणि कर्मचाऱ्यांची तत्परता यांत सवलत घेता येत नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

वेळापत्रकाचे गणित

प्रारंभीच्या वेळापत्रकानुसार बीड-अहिल्यानगर हे सुमारे १६७ किलोमीटरचे अंतर कापण्यास साडेपाच तास लागत होते. म्हणजे सरासरी वेग ताशी तीस किलोमीटरच्या आसपास. रविवारी गाडी नव्हती. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी स्थानकात थांबावे लागते. एकच गाडी जाऊन तीच परतत असेल, तर सकाळचा उशीर सायंकाळपर्यंत पाठ सोडत नाही. राखीव गाडी जवळ नसेल, तर एका बिघाडाने त्या दिवसाची सेवाच बंद पडते. ज्या प्रवाशाला पुढे गावी जाणारी शेवटची एसटी गाठायची असते, त्याच्यासाठी हा उशीर म्हणजे बसस्थानकावर काढलेली रात्र ठरू शकते.

परभणी जिल्ह्याचा संबंध

मार्ग परळीपर्यंत पूर्ण झाला, की तो गंगाखेडमार्गे परभणीला येणाऱ्या जुन्या मार्गाला जोडला जाईल. परभणीहून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या मनमाडमार्गे अथवा लातूर-कुर्डुवाडीमार्गे वळसा घेतात. त्यांना बीड-अहिल्यानगर हा तिसरा पर्याय मिळेल. परंतु बीडची बाजू मध्य रेल्वेकडे, तर परभणी दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येते. दोन विभागांनी गाड्या, चालक आणि देखभालीचे केंद्र यांचे नियोजन एकत्र केले नाही, तर रूळ जोडूनही प्रवास तुटकच राहील.

जालना-मुंबई वंदे भारत गाडी ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढविण्यात आली. त्यामुळे परभणीच्या फलाटावरही आधुनिक विजेची गाडी आली. तालुक्याच्या प्रवाशाची गरज मात्र साधी आहे : परवडणारे तिकीट, सुस्थितीतील डबे, राखीव गाडी आणि एसटीशी जुळणारी वेळ. नव्या मार्गाची मागणी करताना लोकप्रतिनिधींनी व प्रवासी संघटनांनी या चार गोष्टींचाही आग्रह धरला, तर गाडी केवळ सुरू होणार नाही, ती टिकेलही.