कार्ल्सरूहेची परिषद

परिषदा आणि संमेलनें यांविषयीं आपल्या सुशिक्षित समाजांत एक प्रकारची तुच्छताबुद्धि आढळते. मंडप उभारला, भाषणें झालीं, ठराव पसार झाले आणि मंडळी जेवून आपापल्या गांवीं परतली. यांतून निष्पन्न काय झालें, असें विचारलें जातें. प्रश्न रास्त आहे; परंतु निष्पत्ति मोजण्याचें माप चुकीचें आहे, असें आम्हांस वाटतें. याचें प्रमाण म्हणून एका जुन्या परिषदेची हकीकत वाचकांपुढें ठेवितों.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपांतील रसायनशास्त्रांत मोठी अंदाधुंदी माजली होती. ऑक्सिजनचा अणुभार कोणी ८ मानी, कोणी १६. त्यामुळें पाण्यासारख्या नित्याच्या पदार्थांत हायड्रोजनचा अणु एक कीं दोन, याविषयींहि दोन पक्ष पडले होते. शिरक्यांतील आम्लाचीं त्या काळीं प्रचलित असलेलीं १९ सूत्रें केकुले यांनीं आपल्या १८६१ च्या ग्रंथांत नोंदविलीं आहेत. एकाचा निबंध दुसऱ्यास परक्या भाषेंतला वाटावा, अशी ही स्थिति होती.

हा घोळ मिटविण्यासाठीं घेंटचे केकुले, पॅरिसचे वुर्त्झ व कार्ल्सरूहेचे वेल्टसीन या तिघां अध्यापकांनीं सर्व रसायनज्ञांस एकत्र बोलाविण्याचें योजिलें. जर्मन, फ्रेंच व इंग्रजी अशा तीन भाषांत निमंत्रणपत्रें गेलीं. स्थानिक व्यवस्थेचा भार वेल्टसीन यांनीं उचलला. ३ सप्टेंबर १८६० रोजीं बाडेन संस्थानच्या विधिमंडळाच्या सभागृहांत सव्वाशेंहून अधिक रसायनज्ञ जमले. पुढें संगीतकार म्हणून कीर्ति मिळविलेले रशियाचे बोरोदिनहि त्यांत होते.

तीन दिवस वादविवाद चालला. शेवटच्या दिवशीं जेनोआचे कानिझारो बोलावयास उठले. समान तापमान व समान दाब असतां वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते, हें आव्होगाद्रो यांचें १८११ मधील अनुमान स्वीकारल्यास अणुभारांचा सारा गोंधळ सुटतो, असें त्यांनीं आवेशानें प्रतिपादिलें. आव्होगाद्रो त्यापूर्वींच, १८५६ सालीं, वारले होते. परंतु शास्त्रीय प्रश्न मतमोजणीनें सुटत नाहींत, असाच सभेचा कल दिसला, आणि सर्वांस बंधनकारक असा निर्णय न होतांच परिषद संपली. आमच्या टीकाकारांच्या मापानें पाहिलें तर ती फसलीच!

मंडळी निघण्याच्या वेळीं पावियाचे पावेसी यांनीं आपले मित्र कानिझारो यांची एक छोटी पुस्तिका सभासदांस वांटली. जर्मनीच्या लोथार मायर यांनीं ती खिशांत घातली, वाटेंत वाचली, घरीं जाऊन पुन्हां वाचली. आणि आपल्या डोळ्यांवरील पडदा दूर झाला, असें त्यांनीं पुढें लिहून ठेविलें. १८६४ च्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं हेंच मत पुरस्कारिलें. सभेंत २६ वर्षांचे मेंडेलीव्हहि होते. कानिझारोंचें भाषण ऐकून त्यांनीं आपल्या गुरूंस तेथील सविस्तर वृत्तान्त कळविला. निश्चित अणुभारांवांचून मूलद्रव्यांची आवर्त मांडणी शक्य नव्हती. ती त्यांनीं १८६९ सालीं प्रसिद्ध केली.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. पुस्तिकेंतील विचार १८५८ सालींच छापून प्रसिद्ध झाला होता. परंतु इटलीबाहेर त्याकडे फारसें कोणी वळलें नव्हतें. लेखकास समक्ष पाहिलें, प्रतिपक्षाशीं झगडतांना ऐकिलें, आणि मग तोच कागद हातीं पडला, तेव्हां त्याचें वाचन झालें.

असो. सर्वच परिषदा अशा फलद्रूप होतात, असें आमचें म्हणणें नाहीं. पुष्कळशा विसरल्या जातात, आणि तें योग्यच आहे. परंतु कोणती विसरली जाईल हें आधीं कोणास कळत नाहीं. म्हणून पत्रें धाडणारे, सभागृह मिळविणारे व पाहुण्यांची सोय लावणारे जे लोक या खटपटीत आपले महिनेच्या महिने घालवितात, त्यांच्या श्रमांचा हिशेब केवळ ठरावांच्या संख्येवरून करूं नये, इतकीच आमची विनंति आहे.