चामडे किती सेकंद टिकते?

मोटारसायकलस्वाराने चामडे घालावे की कापड, हा प्रश्न बराच काळ हवामान आणि सवय यांनीच सोडवला. १९२८ साली न्यूयॉर्कच्या अर्व्हिंग शॉट यांनी खास मोटारसायकलसाठी चेन लावलेले चामडी जाकीट तयार केले. पावसाळी इंग्लंडमध्ये मेण चोळलेले सुती कापडही चाले. बार्बर कंपनीचा तसा पोशाख १९३६ चा. पडल्यावर यांतले कोणते किती टिकेल, हे मात्र कोणी मोजलेले नव्हते.

पडलेला स्वार रस्त्यावरून घसरत जातो. वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर, आणि घर्षणगुणांक ०.७ धरला, तर तो सुमारे ३ सेकंदांनी, २९ मीटरवर थांबतो. (हे गणित अकरावीच्या वर्गात जरूर द्यावे.) तेवढा वेळ डांबर आणि कातडी यांच्यामध्ये काहीतरी शिल्लक राहिले पाहिजे.

केंब्रिज विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ रॉडरिक वुड्स यांनी प्रश्न असा सेकंदांत मांडला. अपघातग्रस्त स्वारांचे फाटके पोशाख तपासून, कोणता भाग अधिक घासला जातो याचा त्यांनी नकाशा केला. मग एक यंत्र बनवले: खरखरीत घासकागदाचा पट्टा सेकंदाला ८ मीटर वेगाने फिरतो, त्यावर नमुना टाकायचा आणि भोक पडेपर्यंतचा वेळ मोजायचा. याच पद्धतीवर २००२ चे युरोपीय मानक आधारले होते. खांदा, कोपर, गुडघा अशा जागी पहिल्या पातळीला ४ सेकंद आणि दुसऱ्या पातळीला ७ सेकंद टिकणे आवश्यक होते. साध्या जीन्सचे कापड जेमतेम एक सेकंद टिकते. अर्थात पट्ट्यावरचा सेकंद म्हणजे रस्त्यावरचा सेकंद नव्हे. रस्त्यावर वेग घटत जातो, पट्ट्यावर तो कायम असतो.

चांगले जाड चामडे या कसोटीला सहज उतरते, कारण त्यातील कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू सर्व दिशांनी एकमेकांत गुंतलेले असतात. कापडात उभे-आडवे धागे असतात. एक तुटला की शेजारचे सैल होतात. शिवाय नायलॉन सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळते, आणि घर्षणाची उष्णता तर तिथेच निर्माण होते. १९६५ मध्ये ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून केव्हलार निघाले. ते वितळत नाही, त्यामुळे कापडाची बाजू बरीच सावरली. चामड्याच्या विरुद्ध जाणारी गोष्ट वेगळीच आहे. ते जड असते, भिजते आणि उन्हात नकोसे होते. घरी खुंटीवर राहिलेले जाकीट शून्य सेकंद टिकते.

ऑस्ट्रेलियात २१२ अपघातग्रस्त स्वारांचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. मोटारसायकलसाठी म्हणून घेतलेली जाकिटे त्यात सुमारे ३० टक्के प्रसंगी, तर हातमोजे २६ टक्के प्रसंगी निकामी ठरले. दुकानातल्या पाटीवर विसंबण्याची ही किंमत! हाडे मोडण्याचा हिशेब तर निराळाच. तिथे चामडे काय नि कापड काय, दोन्हींचा उपयोग थोडाच.

२०२० मध्ये युरोपात आलेल्या नव्या मानकात पट्ट्याऐवजी गरगर फिरणारे नमुने काँक्रीटच्या लादीवर सोडून ते थांबेपर्यंत घासू देतात. सर्वांत वरच्या वर्गासाठी सुरुवातीचा वेग ताशी १२० किलोमीटरइतका असतो. चामडे आणि कापड यांना कसोटी एकच. वरच्या वर्गात आज काही कापडी पोशाख आहेत, आणि काही चामडी जाकिटे त्याखालच्या वर्गात.