खिळ्यांच्या मधली जागा

शहापूर आणि मुरबाड. ठाणे जिल्ह्यातल्या आमच्या भागातल्या या दोन तालुक्यांची नावं मी एका फुकट मिळणाऱ्या वेबसाइट टेम्प्लेटमध्ये मथळा म्हणून टाकली. फोनवर ती दिसली ‘शहापर’ आणि ‘मरबाड’ अशी. टायपिंग बरोबर होतं, फॉन्टही ठीक होता. पण टेम्प्लेट बनवणाऱ्याने ओळीची उंची अक्षराच्या आकाराएवढीच ठेवली होती आणि चौकटीबाहेर जाईल ते कापून टाकायला सांगितलं होतं. इंग्रजी कॅपिटल अक्षरांच्या मथळ्याला त्याने काही होत नाही, कारण त्या अक्षरांना ओळीच्या खाली जवळजवळ काही नसतं. आपल्याला तळमजला लागतो. उकार तिथे राहतो.

ही भानगड वेबसोबत आलेली नाही. तिला दोनशे वर्षं होऊन गेलीत.

१८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण देवनागरी टाइपात छापलं गेलं. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना निघाला. शिशाचा खिळा म्हणजे एक ठोकळा, त्याच्या डोक्यावर उलटं अक्षर. रोमन लिपीला एवढं पुरतं: ठोकळ्याला ठोकळा लावत गेलं की शब्द तयार. पण ‘कीर्ती’ कसा लावायचा? मधे क, वर वेलांटी, पुढे रफार, तोही दुसऱ्या वेलांटीच्या अंगावर. प्रत्येक जोडीचा वेगळा खिळा पाडायचा तर खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते.

मुंबईत यावर जो तोडगा रुळला त्याला ‘डिग्री’ टाइप म्हणतात. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातल्या टॉमस ग्रॅहमचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. यात एका ओळीचे तीन मजले केले. मधल्या मजल्यावर अक्षर, वरच्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खालच्यावर उकार. प्रत्येकाचा वेगळा बारका खिळा. आता गंमत बघा. ‘घर’ या शब्दाला वरही काही नाही आणि खालीही काही नाही. पण छपाईच्या चौकटीत हवा ठेवता येत नाही. दाब पडला की सगळं ढासळतं. म्हणून खिळे जुळवणारा माणूस, म्हणजे जुळारी, त्या रिकाम्या जागी कोरे ठोकळे बसवायचा. त्यांच्यावर अक्षर नसायचं, कागदावर ते उमटायचे नाहीत. पण ते नसतील तर बाकीचं काहीच जागेवर राहायचं नाही.

याच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेले जावजी दादाजी पुढे स्वतःचे टाइप पाडू लागले आणि १८६९ साली त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचा सुबक टाइप नावाजला गेला आणि तिथली मराठी-संस्कृत पुस्तकं देशभर वाचली गेली.

ओळींच्या मधली जागासुद्धा हाताने ठेवायची वस्तू होती. दोन ओळींत शिशाची पातळ पट्टी सरकवायची. शिशाला इंग्रजीत ‘लेड’, म्हणून या अंतराला ‘लेडिंग’. सीएसएसच्या अधिकृत दस्तऐवजात हा शब्द आजही आहे. १६ पिक्सेलच्या अक्षराला २६ पिक्सेलची लाइन-हाइट दिली की उरलेले १० पिक्सेल हे लेडिंग. ब्राउझर त्याचे दोन भाग करतो: ५ वर, ५ खाली. पट्टी गेली, हिशेब राहिला. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. लाइन-हाइट म्हणजे एक आकडा, एवढंच माहीत होतं.

वेबची सुरुवात मात्र या हिशेबाशिवाय झाली. पानावर काय आहे ते सांगता यायचं, ते कुठे बसवायचं हे सांगायची नीट सोय नव्हती. १० ऑक्टोबर १९९४ रोजी होकन व्हियुम ली यांनी सीएसएसचा प्रस्ताव मांडला, बर्ट बॉस त्यांच्यासोबत आले आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी पहिली आवृत्ती प्रमाण म्हणून जाहीर झाली. पण ब्राउझर मागे होते. तोवर लोक अख्खं पान तक्त्यात कोंबायचे, आणि अंतर हवं तिथे एका पिक्सेलचं पारदर्शक चित्र ताणून बसवायचे. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ च्या पुस्तकामुळे ही युक्ती फार गाजली. न दिसणारं, पण जागा धरून ठेवणारं चित्र. मुंबईच्या जुळाऱ्याने ते लगेच ओळखलं असतं. त्याचा कोराच ठोकळा तो!

सीएसएसने ही रिकामी जागा चौकटीच्या मालकीची केली. आत पॅडिंग, मग बॉर्डर, बाहेर मार्जिन. पण ‘रुंदी’ म्हणजे नेमकं काय, यावर वर्षानुवर्षं घोळ चालला. फ्लॅट घेताना कार्पेट की बिल्टअप विचारतात, तसाच. प्रमाणानुसार ३०० पिक्सेल म्हणजे फक्त आतला मजकूर. दोन्ही बाजूंना २० चं पॅडिंग आणि १ ची बॉर्डर धरली की चौकट ३४२ ची होते. जुना इंटरनेट एक्सप्लोरर मात्र ३०० मध्येच सगळं मोजायचा. शेवटी दोन्ही मोजणी ठेवून निवड आपल्यावर सोपवली गेली. बॉक्स-सायझिंग म्हणतात ती हीच निवड.

पोझिशन १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. ती समजायला कसारा लोकल पुरते. ‘स्टॅटिक’ म्हणजे मुकाट आपल्या सीटवर बसलेला. ‘रिलेटिव्ह’ म्हणजे रुमाल टाकून दारात उभा राहिलेला: माणूस सरकला, पण जागा त्याचीच. ‘ॲब्सोल्यूट’ उठला की रुमालही उचलतो, बाकीचे लगेच सरकून बसतात, आणि तो कुठे उभा राहणार हे ज्या डब्याशी त्याला बांधलंय त्यावरून ठरतं. ‘फिक्स्ड’ म्हणजे खिडकीच्या काचेवरचं स्टिकर. बाहेर आसनगाव जावो की आटगाव, ते तिथेच. फ्लेक्सबॉक्स आणि २०१७ मध्ये सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आलेला ग्रिड यांनी पानाची मांडणी खूप सोपी केली.

अक्षराच्या आतली मांडणी दुसरीकडे सुटली. र. कृ. जोशी यांनी केलेला ‘मंगल’ विंडोज २००० सोबत आला. अशा ओपनटाइप फॉन्टांत मात्रा कुठे बसायची, जोडाक्षर कसं व्हायचं, याचे नियम फॉन्टच सांभाळतो. डिग्री टाइपचे तीन मजले आता फॉन्टच्या पोटात आहेत. पण त्या मजल्यांना पुरेल एवढी उंची पानाने द्यायची असते, आणि तिथे इंग्रजी डोळ्यांनी ठरवलेले आकडे आडवे येतात.

म्हणून मराठी पानासाठी माझे नियम ठरलेत. मजकुराची लाइन-हाइट निदान १.६, मथळ्यालाही १.३ च्या खाली नाही. आकडा एककाशिवाय द्यायचा, म्हणजे अक्षर मोठं झालं की ओळही वाढते. मजकुराच्या चौकटीला ठरावीक उंची द्यायची नाही. लेटर-स्पेसिंग शून्य, कारण ते वाढवलं की शिरोरेषा तुटते. आणि तपासायला ‘सर्वोत्कृष्ट’, ‘मूर्ती’, ‘धसई’ असे शब्द घ्यायचे.

हे फक्त सौंदर्याचं प्रकरण नाही. डोळखांब किंवा टोकावड्यात सरकारी अर्जापासून दाखल्यापर्यंत सगळं आता फोनवर बघावं लागतं. तिथे ‘सुरू’चं ‘सरू’ आणि ‘सुखदेव’चं ‘सखदेव’ दिसलं, तर माणसाला पहिली शंका स्वतःच्या वाचनावर येते. पान चुकलंय असं त्याच्या मनातही येत नाही. जुळाऱ्याला ‘घर’ लावतानासुद्धा वरचा आणि खालचा मजला भरावाच लागायचा. तो चुकवला तर खिळेच पडायचे. आपलं पान जागा चुकवली तरी पडत नाही. म्हणून ती आठवणीने ठेवावी लागते.