कार्य आणि फल

‘शनिवारी आमच्याकडे फंक्शन आहे,’ असं मराठी घरात कुणी म्हटलं की मुंज, साखरपुडा किंवा डोहाळजेवण समजायचं. याच अर्थानं जुनी माणसं ‘घरात कार्य आहे’ म्हणत आणि त्यासाठी कार्यालय ठरवत. दोन्ही शब्दांची घडणही सारखीच. लॅटिनमध्ये ‘फुंगी’ म्हणजे नेमून दिलेलं काम पार पाडणं, त्यावरून ‘फुंक्तिओ’. आपल्याकडे ‘कृ’ म्हणजे करणं, त्यावरून कार्य. वेबसाइटचा कोड लिहिणारी मंडळी दिवसभर ज्या फंक्शनांत वावरतात, तो शब्द हाच. गणिताची मराठी पुस्तकं मात्र त्याला कार्य म्हणत नाहीत. ‘फल’ किंवा ‘फलन’ म्हणतात. वेबच्या कामात हल्ली ज्या ‘फंक्शनल’ शैलीचा आग्रह धरला जातो, ती समजून घ्यायला लॅटिन नावापेक्षा हे नाव अधिक उपयोगी आहे, असं माझं ठाम मत आहे.

लाइब्निट्सनं 1673 च्या एका हस्तलिखितात ‘फंक्शन’ हा शब्द गणितात आणला, तेव्हा त्याच्याही मनात कामच होतं: वक्ररेषेच्या संदर्भात स्पर्शिकेसारखी एखादी रेषा कोणती भूमिका बजावते, हे. 1718 मध्ये योहान बर्नुलीनं व्याख्या बदलली. चल आणि स्थिर राशींपासून कोणत्याही रीतीनं बनलेली राशी म्हणजे फंक्शन, असं तो म्हणाला. अर्थ पालटला, नाव तेच राहिलं.

‘फल’ला असा पालट करावाच लागला नाही. ‘लीलावती’तल्या (1150) त्रैराशिकात प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशी असतात, आणि उत्तर येतं ते इच्छाफल. त्याहून नेमका वापर ज्योतिर्गणितात आहे. ग्रह सरासरी गतीनं चालला असता तर जिथे असता, ते त्याचं मध्यम स्थान. मंदोच्चापासून, म्हणजे ग्रहाची गती सर्वांत मंद असते त्या बिंदूपासून, त्या स्थानाचं कोनात्मक अंतर म्हणजे मंदकेंद्र, आणि त्या केंद्रावरून निघणारी दुरुस्ती म्हणजे मंदफल. ती मिळवली किंवा वजा केली की सूर्य ‘स्पष्ट’ होतो. (सूर्याच्या बाबतीत ती जास्तीत जास्त सुमारे 2 अंश. मंगळ-गुरूंना शीघ्रफल ही आणखी एक दुरुस्तीही लागते.) कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 मध्ये ‘ग्रहलाघव’ लिहिला आणि ज्या-कोज्यांना फाटा देऊन ही फलं काढण्याच्या सोप्या रीती दिल्या. महाराष्ट्रातली पंचांगं त्यावर कित्येक पिढ्या चालली. दोन गावांतल्या दोन जोश्यांनी एकच केंद्र घेऊन गणित केलं, तर फल एकच यायला हवं; सकाळी केलं काय किंवा रात्री, त्याला फरक पडत नाही. फंक्शनल शैलीत ‘प्युअर फंक्शन’ म्हणतात ते हेच.

‘केंद्र’ हा शब्द ग्रीक ‘केंत्रॉन’वरून आलेला, तिकडे त्याचा मूळ अर्थ टोचणी, अणी. आणि फंक्शनला आपण जे पुरवतो त्या ‘अर्ग्युमेंट’चं घराणंही ज्योतिर्गणिताचंच आहे. वादविवादाशी या अर्थाचा संबंध नाही. मध्ययुगीन युरोपात ग्रहांच्या कोष्टकात ज्या कोनावरून शिरायचं, त्या कोनाला अर्ग्युमेंट म्हणत. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या एका कथेत ज्योतिष्याच्या सामग्रीची यादी येते, त्यात ‘सेंटर’ आणि ‘अर्ग्युमेंट’ शेजारी शेजारी आहेत. म्हणजे वेबची भाषा जावास्क्रिप्ट, तिच्या कंसातला शब्द थेट पंचांगवाल्यांच्या बिरादरीतला. हे कळल्यावर मला तो कंस फार जवळचा वाटू लागला.

आता जावास्क्रिप्टकडे. ही भाषा घडवणारे ब्रेंडन आइक 1995 मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीत आले ते ब्राउझरमध्ये ‘स्कीम’ ही भाषा बसवायला मिळेल या आशेनं. स्कीम ही लिस्पच्या कुळातली, आणि लिस्पनं ‘लॅम्डा’ घेतला तो अलोन्झो चर्च यांच्या 1930 च्या दशकातल्या तर्कशास्त्रातून. (हे ग्रीक अक्षरच का, याची चर्च यांनी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी उत्तरं दिली: एकदा रसेल-व्हाइटहेडच्या टोपीसारख्या चिन्हावरून, एकदा सहज निवडलं म्हणून.) वरिष्ठांना भाषा दिसायला ‘जावा’ या भाषेसारखी हवी होती. आइकनी दहा दिवसांत पहिला नमुना उभा केला. अंगरखा जावाचा, पण फंक्शन हातातून हातात देता येईल ही स्कीमची देणगी त्यांनी राखली. 2015 मध्ये बाणाची खूण आली आणि ‘फंक्शन’ हा शब्द लिहिण्याची गरजच बऱ्याच ठिकाणी उरली नाही. बाणाच्या डावीकडे अर्ग्युमेंट, उजवीकडे फल.

पण त्याच भाषेत नुसतं फल न देता काहीतरी करून टाकणारी, कार्यवाली वळणंही भरपूर आहेत. किमतींची यादी स्वस्तापासून महागापर्यंत दाखवायची म्हणून ‘सॉर्ट’ लावला, की मूळ यादीचाच क्रम बदलतो, आणि पानावर दुसरीकडे तीच यादी वापरणाऱ्याला नकळत फटका बसतो. शेताचं क्षेत्रफळ काढलं म्हणून शेत हलत नाही. 2023 मध्ये ‘टू-सॉर्टेड’ आला. तो मूळ यादीला हात न लावता नवी यादी देतो. मला ही दुरुस्ती फार उशिरा झाली असं वाटतं.

‘मॅप’ आणि ‘फिल्टर’ 2009 च्या प्रमाण आवृत्तीत आले. दोन्ही नावं कापडाची आहेत. लॅटिन ‘मॅप्पा’ म्हणजे रुमाल. जगाचं चित्र कापडावर काढत, म्हणून त्याचा नकाशा झाला. पृथ्वीवरच्या प्रत्येक बिंदूला कागदावर एक बिंदू, तसं मॅपमध्ये यादीतल्या प्रत्येक घटकामागे एक फल. यादीची लांबी तीच राहते. फिल्टर आला ‘फेल्ट’वरून, म्हणजे लोकरीचं घट्ट कापड. वैद्यांचं वस्त्रगाळ चूर्ण आठवावं: जे खाली येतं ते बदललेलं नसतं, फक्त निवडलेलं असतं. म्हणूनच मॅप चालवून हाती आलेली यादी टाकून द्यायची, त्यातून नुसतं काम करून घ्यायचं, हा कोड मला खटकतो. त्यासाठी ‘फॉर-ईच’ आहे.

‘करीइंग’चा आपल्या करीशी संबंध नाही. अनेक अर्ग्युमेंटांचं फंक्शन एकेक अर्ग्युमेंट घेणाऱ्या फंक्शनांच्या माळेत मोडायचं, याला हॅस्केल करी या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाचं नाव मिळालं. 1967 मध्ये क्रिस्टोफर स्ट्रॅची यांच्या व्याख्यानांत ते भेटतं. कल्पना मात्र मोझेस शॉनफिंकेल यांनी 1920 मध्ये ग्योटिंगेनला मांडली होती, 1924 मध्ये ती छापली गेली, आणि तिचं बीज तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेंकडेही आहे. करी स्वतः शॉनफिंकेलना श्रेय देत. उच्चाराला जड म्हणून एखाद्याचं नाव मागे पडावं, हा अन्याय आहे.

वेबची पानं रचण्याच्या ‘रिअॅक्ट’ या जावास्क्रिप्ट लायब्ररीत पडद्यावरचा प्रत्येक भाग म्हणजे सहसा एक फंक्शन. त्याचा ‘स्ट्रिक्ट मोड’ लावला, की वेबसाइट अजून बनवण्याच्या टप्प्यात असताना ते फंक्शन मुद्दाम दोनदा चालवलं जातं. पहिल्या खेपेनं बाहेरची एखादी गोष्ट बदलली असेल, तर दुसऱ्या खेपेला ती उघडी पडते. पण बाहेरचं बदलणं नेहमीच वाईट नसतं: पैसे घेणं, ऑर्डर नोंदवणं, सर्व्हरला निरोप धाडणं ही कार्यं आहेत आणि ती व्हायलाच हवीत. ती नसतील तर दुकानाची वेबसाइट कशाला? त्यांना ‘साइड इफेक्ट’ म्हणतात, आणि औषधांच्या सवयीनं आपण त्याचं ‘दुष्परिणाम’ करतो, ते इथे चूक ठरतं. रिअॅक्टनं 2019 मध्ये आणलेल्या ‘यूज-इफेक्ट’च्या नावातून ‘साइड’ गळालं आहे. नावं ठेवताना मराठी व्याकरण इथे चांगलं कामी येतं: ‘एकूण किंमत’ हे नाम, ते फल देणाऱ्या फंक्शनला द्यावं, ‘ऑर्डर पाठव’ ही आज्ञा, ती कार्य करणाऱ्याला.