नाव तिगाव, तहसील कोणती?

पांढुर्ण्याजवळच्या तिगावला पत्र घालायचं तर पाकिटावर नुसतं ‘तिगाव’ लिहून भागत नाही. एक तिगाव गोंदिया जिल्ह्यात आमगावकडे आहे, एक हरियाणात फरिदाबादजवळ. नागपूर-इटारसी लोहमार्गावरचं, संत्र्याच्या पट्ट्यातलं, घरोघरी मराठी बोलणारं तिगाव हवं असेल तर पुढे तहसील लिहावी लागते, जिल्हा लिहावा लागतो. तो जिल्हाही २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत छिंदवाडा होता, आता पांढुर्णा आहे. नुसत्या नावानं ओळख पटत नाही, हे टपालखात्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. जावा या संगणकभाषेला मात्र ते ठेच लागल्यावर कळलं.

जावात असं नाव असतं ‘क्लास’ला. ‘क्लास’ आणि ‘ऑब्जेक्ट’ ही जोडी जावाहून जुनी. ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी सिम्युला ६७ ही भाषा घडवली, तेव्हाची. क्लासमध्ये वस्तूची घडण लिहायची आणि त्या घडणीच्या हव्या तितक्या वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट, करायच्या. पुढे सी प्लस प्लसनंही हीच वाट धरली. तिथे प्रोग्रॅम सहसा चालण्याआधीच जोडून तयार असे. त्यामुळे क्लास नेमका कधी हजर झाला, हा प्रश्न फारसा कोणाला पडत नसे.

तो प्रश्न उभा केला तारेनं. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स गॉसलिंग यांनी १९९१ मध्ये घरगुती उपकरणांसाठी जी भाषा सुरू केली, ती २३ मे १९९५ रोजी ‘जावा’ म्हणून जगापुढे आली आणि वेबपानांतून प्रोग्रॅम पाठवू लागली. टेलिफोनच्या तारेवरून अख्खा प्रोग्रॅम येईस्तोवर माणूस कंटाळून जाई. म्हणून प्रत्येक क्लासची वेगळी फाइल ठेवली आणि लागेल तेव्हा लागेल तेवढीच आणायची सोय केली. क्लास लोडिंग म्हणतात ते हेच.

समजा, तिगावच्या एका संत्रा-व्यापाऱ्यासाठी ‘पेटी’ नावाचा क्लास लिहिला. प्रत्येक पेटीचं वजन वेगळं. एकूण पेट्यांची मोजणी मात्र सगळ्यांत मिळून एकच, म्हणून ती ‘स्टॅटिक’. आता पाचशे पेट्यांचा अ‍ॅरे, म्हणजे ओळीनं मांडलेल्या जागा, मागितला. किती पेट्या झाल्या? एकही नाही. पाचशे रिकाम्या जागा तेवढ्या मिळाल्या. पेटीची फाइल वाचली गेली, जावाच्या यंत्रात, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, तिची नोंद झाली, पण तिचा स्टॅटिक भाग अजून चाललेला नाही. पहिल्यांदा ‘न्यू पेटी’ म्हटलं की आधी तो स्टॅटिक भाग चालतो, तोही एकदाच, आणि मग पहिली पेटी जन्माला येते: तिच्यासाठी मेमरीत जागा, कोरे रकाने, मग ते भरणारा कन्स्ट्रक्टर. दुसऱ्या पेटीपासून फक्त हा जन्माचा भाग पुन्हा पुन्हा घडतो. नवशिक्यांचा गोंधळ इथेच होतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पहिल्या ‘न्यू’ला दोन्ही गोष्टी पाठोपाठ घडतात आणि एकच वाटतात.

ठेच लागली ती नावाची. क्लास आणणारा ‘क्लास लोडर’ एकच असेल असं नाही. दोन लोडर एकाच नावाचे दोन निरनिराळे क्लास आणू शकतात. १९९७ मध्ये एटी अँड टी रिसर्चमधल्या विजय सारस्वत यांनी दाखवून दिलं की यंत्राला अशा दोन क्लासांमध्ये गल्लत करायला लावता येते, आणि मग भाषेनं दिलेली सुरक्षेची हमी कोसळते. एका क्लासचं ऑब्जेक्ट दुसऱ्याचं म्हणून खपून जातं. फरिदाबादचं पत्र पांढुर्ण्याला पोचावं आणि तिथल्या कोणीतरी ते आपलंच समजून फोडावं, तसं. पुढच्याच वर्षी सनच्या शेंग लियांग आणि गिलाड ब्राका यांनी निबंध लिहून तोडगा मांडला. क्लासची ओळख नाव आणि लोडर मिळून ठरते, आणि एकमेकांशी व्यवहार करणाऱ्या लोडरांना सामाईक नावाचा अर्थ एकच लावावा लागतो, हे यंत्रच तपासू लागलं. आज एका टॉमकॅट सर्व्हरवर दोन अ‍ॅप्लिकेशनं एकाच नावाचे क्लास घेऊन शेजारी शेजारी नांदतात, ती या कामाची पुण्याई.

नागपूर-पुण्याच्या कॉम्प्युटर क्लासांमधून जावा शिकलेल्या पिढीनं क्लास लोड होणं आणि ऑब्जेक्ट जन्माला येणं यांतला फरक नकळत हाताळला आहे. डेटाबेस जोडण्यापूर्वी ‘क्लास.फॉरनेम’ अशी एक ओळ लिहायची, एवढं सगळ्यांना पाठ. त्या ओळीत ‘न्यू’ नाही. ती ड्रायव्हरचा, म्हणजे डेटाबेसशी बोलणाऱ्या दुव्याचा, क्लास नावानं हाक मारून लोड करते आणि त्याचा स्टॅटिक भागही चालवते. त्या स्टॅटिक भागातच ड्रायव्हर स्वतः आपली नोंदणी करतो. डिसेंबर २००६ मध्ये जावा ६ आल्यावर ड्रायव्हर आपोआप सापडू लागले आणि त्या ओळीची गरज सरली. तरी नव्या प्रोग्रॅमांतही ती अजून दिसते, ‘न्यू’च्या कितीतरी आधी, अगदी वरच्या बाजूला.