सातव्या घोड्याचा भाव

शर्यतींच्या इतिहासात लागोपाठच्या विजयांचे अनेक दाखले मिळतात. त्यांतला मला सर्वांत बोलका वाटतो तो २८ सप्टेंबर १९९६चा. इंग्लंडमधील अ‍ॅस्कॉटच्या मैदानावर त्या दिवशी फ्रँकी देत्तोरी या इटालियन जॉकीने सातही शर्यती जिंकल्या. सातही घोडे एकाच साखळीत लावणाऱ्याला, शर्यत सुटतेवेळचे भाव धरूनही, सुमारे २५ हजार पट पैसे मिळाले.

शेवटचा घोडा फुजियामा क्रेस्ट. सकाळी त्याचा भाव एकाला बारा होता. सहा विजयांनंतर तो एकाला दोनवर आला. घोडा तोच, पाठीवरचे वजन तेच. देशभरातल्या बेटिंगच्या दुकानांना बरेचसे देणे सुटतेवेळच्या भावाने चुकवायचे होते. म्हणून मोठ्या कंपन्यांनीही मैदानावर पैसे ओतून भाव पाडला. गॅरी विल्टशायर या बुकीला हा भाव खुळेपणाचा वाटला. त्याने येतील ते पैसे घेतले आणि लाखो पौंड गमावले.

तरीही त्याचा हिशेब चुकला नव्हता, असे माझे मत आहे. सहा विजयांनी सातव्या घोड्याचे पाय बळकट होत नाहीत. घबाड मिळाले ते मालिकेचा मागमूसही नसताना, सकाळीच पैसे लावून बसलेल्यांना. मालिका पाहून धावत आलेल्यांच्या वाट्याला एकाला दोनच.